फारसी लेकींची नावं

मराठी माणसाची फारसीशी ओळख झाली ती दप्तरातून. फर्मान, सनद, अर्ज, वसूल, किल्लेदार, अशी सत्तेची आणि महसुलाची ती भाषा. मीही फारसी शिकू लागले ती जुनी कागदपत्रं वाचता यावीत म्हणूनच. त्या कागदांत बायकांची नावं क्वचित भेटतात, आणि भेटली तरी कुणाची तरी आई किंवा बायको म्हणून. पुढे शाहनामा हाती आला, इराणी लेखिका वाचल्या, आणि नावांचा माग काढता काढता पाण्याची, चांदण्याची, पराक्रमाची एक वेगळीच फारसी मला दिसू लागली.

फारसी व्याकरणात लिंगभेद नाही. तो आणि ती, दोघांनाही ‘ऊ’ म्हणायचं. क्रियापदही बदलत नाही. नावाच्या शेवटच्या अक्षरावरून मुलगी ओळखण्याची आपली सवय तिथे उपयोगी पडत नाही. जमीले, फातेमे यांसारख्या नावांचा स्त्रीलिंगी शेवट अरबीतून आलेला आहे. अस्सल फारसी नाव बहुधा दोन शब्द जोडून घडतं. ‘माह’ म्हणजे चंद्र, त्याला ‘नाझ’ जोडलं की माहनाझ. डाळिंबाच्या फुलावरून गुलनार. कधी शेवटी ‘दुख्त’ येतं, म्हणजे लेक. संस्कृत ‘दुहितृ’चं हे सख्खं भावंड. पूरानदुख्त आणि आझरमीदुख्त या सासानी राजकन्या इ.स. ६३०च्या सुमारास इराणच्या गादीवर बसल्या. घरातल्याच सत्तास्पर्धेत त्यांच्या भावांची कत्तल झाली होती, साम्राज्य ढासळत होतं, आणि अशा वेळी राज्य लेकींच्या हाती आलं.

फारसी स्त्रीनावं म्हणजे नुसता नाजूकपणा, हा समज शाहनामा पार मोडून काढतो. फिरदौसीने हे महाकाव्य इ.स. १०१०च्या सुमारास पुरं केलं. त्यातले रुस्तम आणि सोहराब मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. रुस्तमची बायको आणि सोहराबची आई तहमीना मात्र फारशी कुणाला आठवत नाही. ‘तहम’ म्हणजे बलवान. रुस्तमचं ‘तहमतन’ हे बिरुद याच शब्दातून आलेलं, म्हणजे नवऱ्याच्या बळाचा शब्द बायकोच्याही नावात आहेच. आणि मग गुर्दआफरीद. सरहद्दीवरच्या किल्ल्याचा रक्षक चालून आलेल्या सोहराबच्या हाती सापडतो, तेव्हा ती चिलखत चढवून, केस शिरस्त्राणाखाली लपवून त्याला एकटी सामोरी जाते. ‘गुर्द’ म्हणजे वीर, ‘आफरीद’ म्हणजे निर्मिलेला. हे नाव तिने रणात कमावलेलं नाही, जन्मापासून तिच्याजवळ आहे. लेकीकडून वीरपणाची अपेक्षा करणारं नाव हजार वर्षांपूर्वीच्या काव्यात सहज येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फुलांची नावं तर उदंड आहेत. नर्गिस, नसरीन, यास्मिन, लाले. त्यांत नीलूफर आपल्या जवळची, कारण तिचं मूळ संस्कृत ‘नीलोत्पल’ आहे.

याहून जुनं नाव अनाहिता, म्हणजे निष्कलंक. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातली ही जलदेवता. पाण्यांच्याच नावाचा ‘आवां’ महिना पारशी पंचांगात आहे, आणि त्या महिन्यातल्या आवां नावाच्याच दिवशी मुंबईत चर्चगेटजवळच्या, १७२५ सालच्या भिखा बेहराम विहिरीपाशी पारशी प्रार्थनेला जमतात. आवां हे मुलीचंही नाव आहे.

आपल्याकडे शबनम किंवा परवीन कानावर पडलं की मनात लगेच धर्माचा रकाना भरला जातो. पण शबनम म्हणजे दव आणि परवीन म्हणजे कृत्तिका नक्षत्र. दवाला आणि नक्षत्राला कुठला धर्म? शिरीन, नर्गिस, खुर्शीद ही नावं मुसलमानांच्या घरी आहेत, तशी पारशांच्याही. दादाभाई नौरोजींच्या नातींची नावं पेरीन, गोशी, नर्गिस आणि खुर्शीद. यांतल्या खुर्शीदबेन वायव्य सरहद्द प्रांतात पठाणांमध्ये काम करायला गेल्या. सूर्याचं हे नाव तिथे कुणाला परकं वाटलं नसणार.

अरबी राजवट आली, धर्म बदलला, लिपी बदलली, तरी जुना इराण मुलींच्या नावांतून घराघरात टिकून राहिला, असं मी मानते. पण याची दुसरी बाजूही आहे. इराणात सगळेच फारसीभाषक नाहीत. कुर्दांसाठी फारसी ही सरकारी कचेरीची भाषा आहे. १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना जिचा मृत्यू झाला, ती बावीस वर्षांची कुर्द तरुणी जगाला महसा अमिनी म्हणून माहीत आहे. महसा म्हणजे चंद्रासारखी. नाव फारसी आणि सुंदर. पण ते कागदोपत्री होतं. घरचे तिला जीना म्हणत. त्या कुर्दी नावात ‘जीन’, म्हणजे जीवन आहे. तिच्याविषयी बोलताना महसाबरोबर जीना हे नावही घ्यायला हवं.