सार्वमत कोणाचे?



राष्ट्राला स्वतंत्र व्हायचे तर रक्त सांडावेच लागते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज खोटा ठरविणारी घटना १९०५ साली युरोपच्या उत्तर टोकाला घडली.

नॉर्वे हा देश १८१४ पासून स्वीडनशी एका राजाखाली जोडलेला होता. स्वतःची घटना व संसद त्याला होती. परंतु परराष्ट्र व्यवहार स्वीडनच्या हाती होता. परदेशांत आपल्या वेगळ्या वाणिज्य वकिलाती असाव्यात, या मागणीवरून वाद विकोपाला गेला. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने ही जोडणी संपल्याचे जाहीर केले. स्वीडनने आग्रह धरला की, जनतेचा कौल घ्या. १३ ऑगस्टला सार्वमत झाले. जोडणी तोडावी म्हणून ३,६८,२०८ मते पडली, विरुद्ध अवघी १८४! पुढे दोन्ही देशांनी सैन्य सज्ज केले होते, तरी कार्लस्टाड येथे वाटाघाटी झाल्या आणि लढाईवाचून नॉर्वे स्वतंत्र झाला.

तथागतांचा मार्ग स्वीकारलेल्या आपणांस याचा आनंदच वाटेल. परंतु वाचकहो, तो आकडा पुन्हा एकदा पाहा. त्या साडेतीन लाखांहून अधिक मतांत एकाही स्त्रीचे मत नाही. स्त्रियांना या सार्वमतात मताधिकारच नव्हता! तेव्हा तेथील स्त्रियांनी गावोगाव फिरून आपल्या सह्या गोळा केल्या आणि सुमारे अडीच लाख सह्या संसदेपुढे ठेवल्या. संसदेच्या निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास त्यांना १९१३ साल उजाडावे लागले.

कोणी म्हणेल, स्त्रियांचा कौलही तोच होता. मग न विचारल्याने बिघडले काय? खरा नैतिक प्रश्न येथेच आहे. निर्णय योग्य असला म्हणजे पुरे, की तो ज्याच्या आयुष्याचा आहे त्याला विचारलेही पाहिजे? 'तुमच्या भल्याचे आम्हीच ठरवू' हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. ज्याला विचारले जात नाही, त्याला माणूस म्हणून मोजलेच जात नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

म्हणून आता आपल्या घरात डोकावू या. आपण दीक्षा घेतली, देव्हारा उतरविला. घरच्या बाईला विचारले होते काय? पुष्कळ घरी तिला फक्त सांगण्यात आले. मग ती एखादा टाक पत्र्याच्या पेटीत लपवून ठेवते आणि आपण तिला अडाणी म्हणतो. तिला जुना धर्म हुकमाने मिळाला होता. नवा धम्मही हुकमानेच मिळाला, तर तिच्यासाठी काय बदलले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी पत्नीच्या वतीने दीक्षा घेतली नाही. माईसाहेबांनी त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतः त्रिशरण-पंचशील घेतले. आपण रोज म्हणतो तो 'गच्छामि' हा शब्द एकवचनी आहे. मी शरण जातो, मी शरण जाते. दुसऱ्याच्या वतीने तो म्हणताच येत नाही.

'विचारले आणि ती नाही म्हणाली तर?' अशी भीती काहींना वाटेल. तर समजावून सांगा, तिचे ऐका, थांबा. नॉर्वेत ती १८४ विरोधी मतेही मोजली गेली, म्हणून तर बाकीच्या मतांना किंमत आली. जेथे नाही म्हणण्याची मुभा नाही, तेथे होकाराला अर्थ तो काय?

येत्या पौर्णिमेला वंदनेस बसण्यापूर्वी घरातील आईला, पत्नीला, सुनेला, जाणत्या मुलामुलींना एवढेच विचारा: तुला काय वाटते? आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

जयभीम!