यजमान कोण?

अतिथीला आपण देव मानतो. पण देवाने पैसे मोजले, तर तो देव राहतो की गिऱ्हाईक होतो? हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पडला, आणि तोही फजिती होऊन.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजी अमदानीत शेतीसाठी बंधारा घातला गेला. पुढे गाळ साठला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांनी बिऱ्हाड थाटले. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठरले.

आम्हां घरच्या मंडळींना गावातलाच एक मुलगा पक्षी दाखवीत होता. दूर पाण्यात थवा विसावला होता. पुतण्याला उडत्या थव्याचे छायाचित्र हवे होते. मी म्हटले, "अरे, एक टाळी वाजव की!"

"नाही मास्तर. लांबून आलेत ते."

"आम्हीही पैसे दिलेत."

"दाखवायचे दिलेत. उडवायचे नाहीत."

मी रागावलो. परतताना मात्र मनात आले, घरी आलेला पाहुणा अवेळी चहा मागेल तर आपण देऊ. पण 'पाळण्यातले मूल जरा उठवून दाखवा' म्हणाला, तर आजी त्याला दाराशी नेऊन सोडील. 'नाही' म्हणू शकतो तो यजमान. ज्याला म्हणता येत नाही, तो नुसता हुकमाचा ताबेदार.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. त्या वेळी चार पैसे जास्त घेऊन टाळी वाजवणारा दुसरा कोणी भेटता, तर मी त्याच्याबरोबर गेलो असतो. मग या मुलाचा नेम उपाशी पडला असता. म्हणून नकार एकट्याचा असून भागत नाही. तो साऱ्या गावाचा असावा लागतो. किती माणसे यावीत, कुठवर जावीत, मिळकत कशी वाटावी, हे गावाने एकत्र बसून ठरवावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी चांदोरी-सायखेड्याच्या घरांत शिरले, तेव्हा आम्ही पाहुणे तिथे नव्हतो. नदीचा राग जे सोसतात, तिच्या वैभवावर पहिला शब्दही त्यांचाच हवा.

दिवाळीच्या सुट्टीत आपणही एखाद्या गावी जाल. तिथे कोणी आपल्याला 'नाही' म्हटले, तर रागावू नका. आपण यजमानाच्या घरी आलो आहोत, एवढीच ती खूण.