कॅसिनो कुणाच्या दारी?



गोव्याची सहल करून आलेले आपले तरुण मांडवी नदीतल्या झगमगत्या कॅसिनो-बोटींचे फोटो हौसेने दाखवतात. बोटींवरच्या जुगाराला तिथे १९९६ च्या कायदादुरुस्तीने वाट मिळाली. बोटी किनाऱ्यापासून दूर असाव्यात, असा कायद्याच्या शब्दांचा अर्थ. प्रत्यक्षात त्या पणजीच्या अगदी समोर उभ्या आहेत. त्या हलवाव्यात, ही पणजीकरांची जुनी मागणी. सरकारने आश्वासने दिली, मुदती वाढवल्या. मध्यंतरी मोपा विमानतळाजवळच्या जागेचे नावही पुढे आले. म्हणजे पणजीची पीडा पेडण्याला!

जागा निवडताना आपण खरे तर एवढेच ठरवतो, की कुणाचे घर मोडले तर आपल्याला चालेल. २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, पाहुण्यांना मुभा. आपल्या लेकरांना जे विष, ते शेजाऱ्याच्या लेकरांना करमणूक कसे?

ख्रिस्तसभा पत्त्यांच्या डावाला सरसकट पाप म्हणत नाही. स्वतःच्या व घरच्यांच्या गरजेचा पैसा डावावर गेला, की तो खेळ गैर ठरतो, असे धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१३) सांगतो. घर पणजीतले, पेडण्यातले की आपल्या धर्मग्रामातले, असा भेद त्यात नाही.

महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ साली तो रद्द करायचे मंत्रिमंडळाने ठरवले. तेव्हा आम्हालाही हायसे वाटले. मांडवीवर खिसा रिकामा करून परतणाऱ्या पाहुण्यांत आपल्याही गावचे कुणी असेल, हे त्या दिवशी आमच्या मनातही आले नाही.