चार अगती आणि आपले मत



निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. "विहाराचा आणि मतदानाचा संबंध काय? धम्म म्हणजे त्रिशरण, पंचशील, वंदना. नगरपरिषदेची निवडणूक म्हणजे राजकारणाचा बाजार. तो बाजार विहाराच्या दारात कशाला?" असे विचारणारी माणसे वाईट हेतूने विचारीत नाहीत. विहार स्वच्छ राहावा ही त्यांची तळमळ असते. तरीही त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रचार विहारात नको, हे बरोबर. परंतु मत कसे द्यावे हा प्रश्न धम्माचाच आहे. तो तथागतांच्या संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी सोडविला आहे.

विनयपिटकात चुल्लवग्ग नावाचा भाग आहे. संघात वाद मिटेना तर बहुमताने निर्णय कसा करावा, हे त्यात सांगितले आहे. भिक्खूंना सलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटल्या जात. ज्याला जे मत मान्य त्याने त्या मताची काडी घ्यायची, आणि मग मोजणी व्हायची. उघड मत, कानात सांगून मत आणि गुप्त मत, अशा तीन रीतीही तेथे दिल्या आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत भाषण करताना परमपूज्य बाबासाहेबांनी याच इतिहासाची आठवण दिली. संसदीय कामकाजाचे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते. लोकशाही ही या भूमीला परकी नाही, ती आपण एकदा गमावली होती, असे त्यांनी सांगितले.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. या काड्या वाटण्याचे काम कोणाकडे द्यावे? त्यासाठी पाच गुण सांगितले आहेत. तो माणूस छंदाने, म्हणजे ओढीने, वाकडा जाणारा नसावा. दोसाने, म्हणजे द्वेषाने, जाणारा नसावा. मोहाने, म्हणजे अज्ञानाने, जाणारा नसावा. भयाने जाणारा नसावा. आणि कोणती काडी घेतली गेली, कोणती नाही, याची त्याला नीट जाण असावी. पहिल्या चार वाकड्या वाटांना 'अगती' म्हणतात. याच चार अगती राजगृहाच्या सिगालालाही सांगितल्या आहेत, आणि सिगाल भिक्खू नव्हता, तुमच्याआमच्यासारखा गृहस्थ होता. म्हणजे हा उपदेश आपल्या घरासाठी आहे. आज प्रत्येकाच्या हाती काडी आहे. तेव्हा प्रत्येकाने हे चार प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत.

कोणी म्हणेल, "गटाराच्या आणि नळाच्या निवडणुकीसाठी एवढा धम्मविचार कशाला?" बंधूंनो, महाड आठवा. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले ठरविले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! पुढे १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. पाणी खुले झाले नगरपालिकेच्या सभेत हात वर करून, आणि बंदही झाले तेथेच हात वर करून. त्या सभेत कोण बसणार हे ठरविणे ही लहान गोष्ट आहे काय?

आपले आष्टाही नगरपरिषदेचे गाव. २०१६ च्या अखेरीस निवडणुका झाल्या, त्यांची मुदत संपली, आणि आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे १९२५ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या मे २०२५ मध्ये आदेश दिला, तेव्हा कोठे २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. मधल्या काळात वस्तीतला दिवा बंद पडला तर जाब कोणाला विचारायचा, असा प्रश्न होता. विचारण्याचा हक्क कसा हातचा जातो, हे आपण पाहिले आहे. तेव्हा आता एकेक अगती पाहू.

पहिली अगती छंदाची. रात्री दार वाजते. पाकीट येते, साडी येते, मटणाच्या जेवणाचे बोलावणे येते, तरुण पोरांसाठी बाटली येते. "सगळेच घेतात, आपण का सोडायचे?" असे घरातलेच कोणी म्हणते. जरा हिशेब करा. एका मताचे दोन हजार रुपये घेतले असे धरा. पाच वर्षांचे दिवस १८२६. म्हणजे दिवसाला रुपयाच्या थोडे वर! या किमतीत तुम्ही रस्ता, पाणी, दवाखाना आणि मुलांची शाळा विकली. आपण मतदान म्हणतो. जे विकले ते दान नव्हे. आणि ज्या २२ प्रतिज्ञा आपण घेतल्या, त्यांत चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मतासाठी आलेली बाटली एका रात्रीत किती शीले मोडते, ते मोजा. कायद्यानेही मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा असे दोघेही दोषी आहेत. भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे.

कोणी चतुराईने सांगतो, "पैसे एकाचे घेऊ, मत दुसऱ्याला देऊ." हा धम्म नव्हे. ज्याने पैसे वाटले तो ते उद्या कोठून वसूल करणार? तुमच्याच गटाराच्या कामातून. सरळ मार्ग एकच: पाकीट उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही.

छंदाची दुसरी बाजू भावकीची. उमेदवार आपला पाहुणा आहे, आपल्या आळीचा आहे, एवढ्यावर मत देणे हीही ओढच. पाहुण्याला घरी जेवू घाला. मत देताना त्याचे काम पाहा.

दुसरी अगती दोसाची. दहा वर्षांपूर्वीचे बांधाचे भांडण, जयंतीच्या वर्गणीवरून झालेली बोलाचाली, यांचा सूड मतपेटीत काढला जातो. वज्जींची कथा आठवा. ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने निर्णय घेतात, तोवर त्यांची हानी नाही, असे भगवंतांनी सांगितले होते. राजा अजातशत्रूचा मंत्री वस्सकार हे समजला. अट्ठकथेत सांगितले आहे की, तो वज्जींमध्ये जाऊन राहिला, एकेकाला बाजूला घेऊन कानात काहीबाही कुजबुजू लागला, आणि तीन वर्षांत अशी फूट पाडली की शत्रू दारात आला, नगारा वाजला, तरी कोणी जमेना. निवडणुकीच्या आधी वस्तीत कानात कुजबुजणारा कोणी आला तर त्याला म्हणा, "जे सांगायचे ते चारचौघांत सांगा."

तिसरी अगती भयाची. "मालकाच्या शेतावर काम आहे, विरोधात गेलो तर ऊसतोडीला घेणार नाही." "यंत्रावर कोणाचे मत कोठे गेले ते कळते म्हणे." हे भय पसरविले जाते. खरे काय ते ऐका. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे मोजणीनंतर कळते. कोणत्या माणसाने कोणाला मत दिले, हे कोणालाही कळत नाही. आणि मतासाठी धमकावणे हा गुन्हा आहे. घरातल्या भयाबद्दलही बोलले पाहिजे. सुनेचे मत सासऱ्याच्या खिशात नसते, आणि बायकोचे मत नवऱ्याच्या हुकमात नसते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. जी बाई सभागृहात बसू शकते, तिने कोणाला बसवावे हेही तिचे तीच ठरवील.

चौथी अगती मोहाची, म्हणजे अज्ञानाची. ती सर्वांत साधी दिसते, पण नुकसान फार करते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेब पराभूत झाले. ७४,३३३ मते वाया गेली, अशी तक्रार त्यांनी आणि अशोक मेहता यांनी नंतर याचिकेत केली होती. दोन मते असूनही एकच नीट पडले, दुसरे वाया गेले, तर उमेदवार घटनेचा शिल्पकार असला तरी हरतो!

नगरपरिषदेत तुमचेही मत एक नसते. प्रभागात साधारणतः दोन सदस्य निवडायचे असतात आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा असतो. म्हणजे तीन मते. प्रत्येक जागेचे नाव आणि चिन्ह वेगळे, प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण. एक बटण दाबून बाहेर येऊ नका. सर्व जागांची मते नोंदली गेली की यंत्राचा लांब आवाज येतो. तो ऐकून मगच निघा. कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हेही बटण असते. घरातल्या वृद्ध आजीला हे आधी समजावून सांगा, पण कोणते चिन्ह ते तिला ठरवू द्या.

याहून मोठे अज्ञान मतदारयादीचे. निवडणूक जाहीर झाल्यावर "आता नाव घालू" म्हणून धावाधाव करून उपयोग नसतो. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची जी यादी असते, तीच ठरलेल्या तारखेला घेऊन प्रभागांत विभागतात. २०२५ च्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. मतदान झाले डिसेंबरात. पाच महिने आधी ज्याचे नाव यादीत नव्हते, तो घरीच बसला. म्हणून तयारी निवडणुकीच्या महिन्यात करायची नसते, आजच करायची असते.

ती अशी करा. एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपल्या भागाची यादी मोठ्याने वाचा. अठरा पूर्ण झालेली मुले-मुली यादीत आहेत का? नसतील तर नमुना ६ भरा. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरी आहे का? पत्ता वा नावातील चूक असेल तर नमुना ८. मृत व्यक्तींची नावे कमी करण्यासाठी नमुना ७. कारण मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणूस मत टाकून जातो. मग प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की पुन्हा वाचा. आपले घर शेजारच्या प्रभागात पडले असेल तर हरकत मुदतीतच घेतली पाहिजे. मतदानाच्या दिवशी निवडणूक ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा जवळ ठेवा. आणि तुमच्या आधीच तुमच्या नावावर कोणी मत टाकून गेला असेल, तर रडत परत येऊ नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. तो तुमचा हक्क आहे.

नवदीक्षितांच्या मनात आणखी एक शंका असते: "आम्ही बौद्ध झालो, आता राखीव जागेचा हक्क गेला काय?" नाही. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना तो हक्क केंद्रानेही मान्य केला. राखीव जागेवर उभे राहणाऱ्याला जात वैधता प्रमाणपत्र मात्र लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून तेही आधीच काढून ठेवावे. परंतु राखीव जागेवर निवडून आलेला आपला असतोच असे नाही. पाच वर्षांत तो वस्तीत किती वेळा आला, सभेत कोणता प्रश्न मांडला, हे विचारा.

विहारात यादी वाचा, मतदानाची रीत शिकवा. पण कोणाला मत द्यायचे ते विहारात सांगू नका. निवडणुकीची आचारसंहिताही प्रार्थनास्थळात प्रचार करू देत नाही. ज्याने आपली काडी स्वतः विचार करून उचलली, त्याचीच काडी मोजण्याच्या लायकीची.

राहिला पाचवा गुण: कोणती काडी घेतली गेली, कोणती नाही, याची जाण. मतदानानंतर वस्तीने हिशेब ठेवावा. किती नावे होती, किती जणांनी मत दिले, कोणाचे राहिले आणि का राहिले. कामाला बाहेरगावी गेला होता? नाव सापडले नाही? कोणी अडविले? हे वहीत लिहून ठेवा. तीच वही पुढच्या निवडणुकीची तयारी.

बंधूंनो, १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला, तेव्हा ज्याच्याकडे मालमत्ता नाही त्याला मत नव्हते. त्यांचा लढा सुरू झाल्यानंतर तीस वर्षांनी घटनेने ते मत तुमच्या आईच्या, तुमच्या आजोबांच्या हाती दिले. त्यासाठी त्यांच्याकडून एक रुपयाही मागितला नाही. तुम्हीही त्याचा एक रुपया घेऊ नका.

नमो बुद्धाय! जय भीम!