कारणासकट नाव

ब्रोकन हिलच्या मधल्या भागातल्या रस्त्यांची नावं खनिजांची नि रसायनांची आहेत. अर्जेंट, क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट. बल्लारपूरकडच्या कोळसाखाणींत ओव्हरमन म्हणून उभं आयुष्य काढलेल्या माणसाला असं गाव परकं वाटत नाही. 1883 साली चार्ल्स रास्प नावाच्या, मेंढवाड्याच्या हद्दीची राखण करणाऱ्या माणसाला इथल्या टेकाडात काहीतरी आहे असा वास आला. 1885 साली त्यातून ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ ही कंपनी उभी राहिली, तीच आजची बीएचपी. शिसं, चांदी आणि जस्ताचा साधारण 7 किलोमीटर लांबीचा पट्टा गावाखाली. वर ऑस्ट्रेलियाचा लाल वैराण मुलूख, त्यात करड्या खारट झुडपांचे ठिपके. राज्य न्यू साउथ वेल्सचं, पण सिडनी पूर्वेला अकराशे किलोमीटरवर, म्हणून घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं.

लेक ॲडलेडला असतो. त्यानेच आम्हा दोघांचं दिवसभराच्या सहलीचं बुकिंग करून दिलं. छोटी बस, सात-आठ उतारू आणि खाणकामगाराच्या घरात वाढलेली एक गाईडबाई. सकाळी गाव, मग सिल्व्हर्टन, दुपारी मशीद, संध्याकाळी वाळवंटातली शिल्पं. सहल म्हणून बेत साधाच. पण देव, भाव, श्रद्धा या गोष्टींबद्दल डोक्यात एक जुना वाद होता. आयुष्यभर घरात आणि खाणीच्या तोंडाशी जो मिटला नाही, तो त्या दिवशी पुन्हा उभा राहिला.

गावाच्या बरोबर मधून खाणीतल्या टाकाऊ दगडाचा डोंगर जातो. त्याच्या माथ्यावर गंजल्या पोलादाच्या उंच भिंतींचं एक स्मारक आहे, खाणीत मेलेल्या माणसांचं. आठशेहून जास्त नावं. प्रत्येक नावापुढे वय, आणि वयापुढे मरणाचं कारण. दगड कोसळून. चानकात, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत पडून. स्फोटात. शिशाच्या विषानं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. बाकीचे उतारू खाली दिसणाऱ्या गावाचे फोटो काढत होते. हुतात्मा, अमर, बलिदान असा एकही शब्द त्या ओळींत नाही. माणूस कोण, केवढा आणि कशानं गेला, बस्स.

माझ्यासारख्याला त्या तिसऱ्या रकान्याची किंमत कळते. खाणीत सुरुंग उडवल्यावर आत शिरताना आम्ही काठीनं छत वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर छत पक्कं, बद्द आला तर वर पोकळी धरलेली. पाळीच्या सुरुवातीला चानकाच्या तोंडाशी असलेल्या देवीला प्रत्येकजण हात जोडतो. मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, सगळे. मीही जोडत आलो. पण माणूस दगावला की दोन प्रकारचं बोलणं सुरू होई. हजेरीघराबाहेर जमलेले म्हणत, ‘त्याचं भरलं होतं’, ‘देवीची मर्जी’. आत टेबलावर मात्र धनबादच्या खाण-सुरक्षा खात्याकडे जाणारा अहवाल लिहावा लागे, आणि त्यात मर्जीसाठी रकाना नसतो. टेकू होता का? छत कुणी तपासलं? किती वाजता? पहिलं बोलणं मयताच्या बायकोला त्या रात्री धीर देतं, हे मी पाहिलं आहे, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या पाळीचा माणूस घरी परततो तो त्या दुसऱ्या बोलण्यामुळे.

ब्रोकन हिलच्या लोकांनी ते दुसरं बोलणं लावून धरलं. 1919 च्या मे महिन्यात सुरू झालेला इथला मोठा संप सुमारे 18 महिने चालला. त्या काळात खाणकामगारांची वैद्यकीय तपासणी झाली, फुप्फुसं धुळीनं खराब झालेले अनेकजण निघाले. संप संपला तेव्हा आठवड्याला 35 तासांचं काम पदरात पडलं होतं. शंभर वर्षांपूर्वी! खोकून मेलेल्याचं कारण ‘नशीब’ असं मांडलं असतं तर कुणाशी भांडायचं, हाच प्रश्न उरला असता.

तिथून सिल्व्हर्टन पंचवीसेक किलोमीटर. एके काळचं चांदीचं गाव, आता पन्नासेक वस्तीचं. पुढे मुंडी मुंडीचं मैदान, इतकं सपाट की क्षितिज वाकलेलं दिसतं. ‘मॅड मॅक्स 2’चं चित्रीकरण इथलं, आणि त्याचे चाहते रस्त्यावर आडवे पडून फोटो काढतात. ते सोडा. गाईडबाईंनी वाटेत जी हकिकत सांगितली ती जास्त महत्त्वाची. 1 जानेवारी 1915 ला सहलीला निघालेल्या बाराशेएक माणसांनी भरलेली गाडी ब्रोकन हिलहून सिल्व्हर्टनकडे येत होती. खनिजाच्या उघड्या वाघिणींत बाकं टाकून लोक बसलेले. रुळांशेजारी एक आइस्क्रीमची गाडी उभी, तिच्यावर तुर्की झेंडा. आडोशाला दोन माणसं बंदुका घेऊन. त्या दिवशी त्यांच्या हातून चार माणसं मेली, मग ती दोघंही.

वर्तमानपत्रांनी त्यांना ‘तुर्क’ ठरवलं. तुर्क ते नव्हतेच. दोघंही हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीकडून आलेले, एक आइस्क्रीमवाला, दुसरा आधी उंटवाला आणि मग हलाल खाटीक. मागे सापडलेल्या चिठ्ठ्यांत तुर्की सुलतानाचं नाव होतं, आणि खाटकाच्या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट होती. आरोग्य निरीक्षकावरचा राग. परवाना नसलेल्या जागी मेंढरं कापल्याबद्दल थोड्याच दिवसांपूर्वी त्याच्यावर खटला होऊन दंड झाला होता. धर्मयुद्ध किती आणि अपमान किती, याचा हिशेब आज कुणी लावू शकणार नाही. पण ‘तुर्क’ हे लेबल लागलं की हिशेब लावायची गरजच संपते. त्या रात्री जमावानं गावातला जर्मन क्लब जाळला. महायुद्धात तुर्क आणि जर्मन एका बाजूला होते एवढंच; त्या दोघांचा जर्मनांशी काही संबंध नव्हता.

हे ऐकून आम्ही दुपारी गावाच्या उत्तरेकडच्या मशिदीत गेलो. ती रविवारी थोडा वेळ उघडते म्हणून सहलीचा वार रविवार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी आपल्या तळाशेजारी उभी केलेली, पन्हळी पत्र्याची, गंजासारख्या तांबड्या रंगाची. मिनार नाही, घुमट नाही. शेजारच्या शेडपेक्षा फार मोठी नाही. 1860 पासून, आणि 1866 नंतर कराचीहून मोठ्या संख्येनं, उंट आणि उंटवाले या देशात आले. रेल्वे पोचली नव्हती तोवर लोकर, धान्य, तारा, खाणीची यंत्रं आणि दुष्काळात पाणीसुद्धा त्यांच्याच पाठीवर. सिंधी, बलुची, पंजाबी, पठाण, काश्मिरी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं: ‘अफगाण’. आता मशीद इतिहास मंडळाच्या ताब्यात आहे. भिंतीलगत उंटाच्या नाकात घालायच्या लाकडी खुंट्या मांडल्या आहेत. नमाजाची जागा मक्केच्या दिशेला तोंड करून तशीच आहे.

याच मशिदीत एक जाड, जुनं पुस्तक अनेक वर्षं ‘पवित्र कुराण’ म्हणून जपलं गेलं. इतिहासाच्या पुस्तकांतही तशी नोंद झाली. पुढे ढाक्यात जन्मलेली आणि सिडनीत वाढलेली इतिहासकार समिया खातून तिथे गेली. तिनं ते उघडलं आणि आत बंगाली निघाली! ‘कासासोल आंबिया’, म्हणजे पैगंबरांच्या कथा, बंगाली पद्यात, एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात छापलेल्या. एकानं मोठ्यानं वाचायच्या आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायच्या, अशा परंपरेतल्या. 2018 साली आलेल्या तिच्या ‘ऑस्ट्रेलियानामा’ या पुस्तकाची सुरुवातच या शोधातून झाली. पठाण-बलुचींच्या म्हणून नोंदलेल्या त्या पत्र्याखाली बंगालचे खलाशी, फेरीवाले, मजूरही बसले असतील हे त्या पानांनी सांगितलं. तोवर लेबलानं ते दडवलं होतं.

गाईडबाईंनी हे सांगितल्यावर आमची ही चटकन म्हणाली, “अहो, मग काय झालं? लोकांनी कुराण समजून मान दिला, तो देवापर्यंत पोचलाच की. भाव तसा देव.”

हाच तो आमचा जुना वाद. घरी सासूबाईंच्या वेळची एक पोथी लाल फडक्यात बांधलेली आहे. दर गुरुवारी तिला हळदकुंकू, वर्षातून एकदा नवं फडकं. आत काय आहे विचारलं तर उत्तर येतं, ‘पोथी आहे.’ मी एकदा सोडायला घेतली तेव्हा आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

हिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी तिथेच मान्य केलं. ते पुस्तक कुराण समजलं गेलं म्हणूनच टिकलं. ‘अनोळखी लिपीतलं जुनं बाड’ अशी नोंद झाली असती तर वाळवीनं, नाहीतर साफसफाई करणाऱ्यानं ते केव्हाच संपवलं असतं. भावाचं हे काम मोठं आहे. तो वस्तूला हात लावू देत नाही, म्हणून ती उरते. पण हात लावू देत नाही म्हणूनच ती उघडतही नाही. पुस्तकाला मान मिळत होता आणि त्यातल्या माणसांना मिळत नव्हता. ज्या कुणी ते कलकत्त्याहून समुद्र ओलांडून आणलं, उंटाच्या नाहीतर गाडीच्या सामानात घालून या ओसाड जागी पोचवलं, रात्री कंदिलाशी बसून कदाचित गाऊन वाचलं, त्याचा पत्ता श्रद्धेला लागला नाही. तो एका वाचणारीला लागला.

म्हणून ‘भाव तसा देव’ ही म्हण मला अर्धी वाटते. देवापुरती ती चालेल, कारण देवाला आपला भाव तपासून घेता येतो असं आपण मानतो. माणसाला ती सोय नाही. माणसाबद्दलचा भाव चुकीच्या नावावर जमा झाला तर तो त्याला मिळत नाही. आइस्क्रीमवाल्याला तुर्क म्हटल्यानं द्वेष चुकीच्या दारी गेला आणि जर्मन क्लब जळला. त्या बंगाली पुस्तकाला कुराण म्हटल्यानं आदर चुकीच्या दारी गेला. दुसऱ्यात कुणाचं घर जळलं नाही एवढाच फरक.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. सगळं उघडून वाचायलाच हवं का? ब्रोकन हिलच्या ईशान्येला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर मुतावित्जी आहे. तिथल्या खडकांवर मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृत्या आहेत. 1998 साली ते राष्ट्रीय उद्यान मूळ मालकांच्या स्वाधीन झालं, न्यू साउथ वेल्समधलं असं पहिलं. तिथल्या ऐतिहासिक भागात वाटाड्याशिवाय जाता येत नाही. बसमध्ये ही गोष्ट निघाली तेव्हा आमच्यातल्या एकाला हे रुचलं नाही. पैसे भरून आलो तर सगळं दाखवायला नको का, असा त्याचा सूर. मला मात्र त्यात माझ्या मताविरुद्ध काही दिसलं नाही. मशिदीतलं पुस्तक सगळ्यांना दिसत होतं आणि वाचणारं कुणी नव्हतं. मुतावित्जीचे खडक सगळ्यांना दिसत नाहीत, कारण ते वाचणारे हयात आहेत आणि कुणाला किती सांगायचं हे ते ठरवतात. माझं भांडण न वाचता जपण्याशी आहे. ज्याचं आहे त्यानं वाचून, समजून दार लावून घेतलं तर ते दारही ज्ञानातच मोडतं.

संध्याकाळी शिल्पांच्या टेकडीवर गेलो. 1993 साली देशोदेशींच्या शिल्पकारांनी घडवलेली 12 वालुकाश्माची शिल्पं. मेक्सिकोच्या माणसानं घडवलेला जॅग्वार तिथे आहे. फोटो सगळ्यांनी काढले, मीही. माझं डोकं अजून सकाळच्या डोंगरावरच होतं.

आपल्याकडे भक्ती आणि ज्ञान यांचं भांडण शतकानुशतकं लावलं गेलं, आणि बहुतेकांनी ते भक्तीच्या पारड्यात टाकून मिटवलं, कारण ती सोपी. खाणीत काम केलेल्याला तसं करता येत नाही. देवीला हात जोडून जो आत जातो, पण छत वाजवत नाही, त्याच्या भक्तीवर मी माझ्या पाळीची माणसं सोडली नसती. उलट नुसतं छत वाजवणारा, कुणासमोर कधीच न वाकणारा, तोही मला काळजीत टाकतो. त्याला आपल्या कानांचा फार भरवसा असतो. हात जोडण्यानं माणूस सावध होत असेल, आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आहे हे जाणून वर पाहत असेल, तर ती भक्ती. पाहायचं टाळण्यासाठी हात जोडले तर ती सुट्टी.

परत आल्यावर मी आमच्या जुन्या खाणीच्या देऊळ समितीकडे एक अर्ज दिला आहे. चानकाशेजारच्या देवळाच्या भिंतीवर इथे मेलेल्या सगळ्यांची नावं लावावीत, वयासकट आणि कारणासकट. मंडळी दोन तट करून बसली आहेत. पुजारी म्हणतात, देवीसमोर मयतांची यादी अशुभ. एका निवृत्त बाबूंना कारणाचा रकाना नको आहे, ‘उगाच जुन्या गोष्टी उकरल्या जातील.’ नुसती नावं लावून घ्या, असा मधला तोडगा पुढे आला आहे. मी तो मानलेला नाही. देवीला ती नावं आणि ती कारणं ठाऊक असतील, तिच्यासाठी यादी लावायची गरज नाही. ठाऊक नाहीत ती आपल्याला, आणि पाळीला आजही आपलीच माणसं उतरतात.