बावखलाकाठी विचारलेला प्रश्न



मागच्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही गावच्या बावखलावर गेलो होतो. झाडे, पाखरे दाखवावीत, एवढाच बेत. तिथे एका मुलीने पाण्यावर तरंगणाऱ्या प्लेटांकडे बोट दाखवून विचारले, "फादर, ह्या आपल्या सणाच्या जेवणातल्या ना?" होत्या त्या आपल्याच. आम्ही मात्र, "चला, उशीर होतोय," म्हणून मुलांना पुढे नेले.

तेव्हापासून विल्यम स्टॅप ह्या अमेरिकन शिक्षकाची वारंवार आठवण येते. मिशिगन राज्यातील ॲन आर्बरच्या शाळांत ते मुलांना परिसराची ओळख करून देत. पुढे ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह पर्यावरण-शिक्षणाची व्याख्या मांडली. परिसराची माहिती हवी, त्याचे प्रश्न कसे सोडवावेत ह्याची जाण हवी आणि ते सोडवण्याची इच्छाही हवी, असे तिचे सार.

अडते ते ह्या तिसऱ्या गोष्टीपाशी. चांगले काय ते ज्याला खरोखर कळले तो वाईट करणार नाही, असे सॉक्रेटिसचे मत. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही. माणसाला कळते, तरी वळत नाही, हे त्याने ओळखले होते. (सेमिनरीत ह्यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. त्यामुळे कुणी सुधारल्याचे स्मरत नाही.)

स्टॅप ह्यांच्यापुढे हा प्रश्न १९८४ साली नदीच्या रूपाने आला. ह्युरॉन नदीकाठच्या शाळेतील काही मुले शिडाच्या फळीवरून पाण्यात खेळली आणि त्यांना कावीळ झाली. शाळेने स्टॅप ह्यांची मदत घेतली. मुले स्वतः पाण्याचे नमुने घेऊन नऊ चाचण्या करू लागली. पाण्यात प्राणवायू किती, गढूळपणा किती, विष्ठेतले जिवाणू किती, हे त्यांनी आपल्या हातांनी मोजले. १९८७ मध्ये डेट्रॉइटच्या रूज नदीकाठच्या शाळांत हे काम सुरू झाले आणि पुढे अनेक देशांत पोहोचले.

मोजलेल्या आकड्याचे एक आहे. तो मिळाला की पुढचा प्रश्न येतोच, ही घाण येते कुठून? निसर्गाचे कौतुक शिकवणारा शिक्षक इथवर आला की त्याला थांबता येत नाही, कारण उत्तर कधी कधी त्याच्याच दारात येऊन उभे राहते.

लहान मुलांच्या डोक्याला हा ताप कशाला, असे काही पालक म्हणतील. आम्हांलाही तसेच वाटले होते. पण तिथे आजारी पडली ती मुलेच. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही जपले ते मुलीचे मन नव्हे, स्वतःची अब्रू.

तिला उत्तर देणे राहिले आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही बावखलावर जाणार आहोत, आणि उत्तर तिथेच, सर्व मुलांसमोर देऊ. प्लेटा मधोमध गेल्या आहेत, हात पुरत नाही. ज्यांच्या घरी आंबे काढायचे झेले असतील त्यांनी कृपया आणावेत.