वशिला नव्हता म्हणे!

ये. बस. दारात अवघडून उभा राहू नकोस, खुर्चीवर बस.

काल संध्याकाळी तुझे वडील येऊन गेले. आत या म्हटलं तर आले नाहीत, चहा घेतला नाही, चपला काढून अर्धा तास पायरीवरच बसले. म्हणाले, "सर, पोराचा इंटरव्ह्यू चांगला झाला, पण पुण्यात वशिला लागतोय म्हणं. तुमची इतकी पोरं तिकडं हाईत, कुणाला तरी एक फोन टाका की." आणि हात जोडले त्या माणसाने. साठीच्या घरातला माणूस, अजून पहाटे पाणी पाजायला रानात जातो. लाज मला वाटली. तुला वाटली नाही, म्हणून बोलावलंय.

फोन केला मी. वशिल्यासाठी नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी त्याच कंपनीत आहे. पोरगं कुठे अडलं, एवढंच विचारलं. अर्धा तास बोलला. त्यातलं निम्मं तू वडिलांना सांगितलं नाहीस आणि उरलेलं निम्मं खोटं सांगितलंस.

पहिली फेरी अ‍ॅप्टिट्यूडची, ऑनलाइन. ती पास झालास. कशी झालास, ते मला विचारायला लावू नकोस. कॅमेऱ्यासमोर तू आणि टेबलापलीकडे मोबाइल घेऊन बसलेला तुझा रूमवरचा मित्र. दुसरी कोडिंगची, तीही निघाली. तिसऱ्या फेरीत समोर माणूस बसला आणि तिथे गाडी रुतली.

त्याने बायनरी सर्च लिहायला सांगितला. लिहिलास, पाठच होता. मग त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. मधला क्रमांक काढताना तू लो आणि हायमधला फरक निम्मा करून तो लोमध्ये मिळवला होतास. त्याने विचारलं, सरळ दोघांची बेरीज करून दोनाने का नाही भागलंस? तू म्हणालास, "सर, असंच असतं."

असंच असतं? प्रदक्षिणा आहे काय ती, का घालायची ते न विचारता घालायला? ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे आकडा मावत नाही. दोन मोठे क्रमांक मिळवले की बेरीज उलटून उणे होते आणि प्रोग्रॅम तोंडावर पडतो. खुद्द जावाच्या लायब्ररीत ही चूक नऊएक वर्षं सुखाने नांदत होती. ते कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकने २००६ साली स्वतःच चारचौघांत सांगितलं की माझ्या कोडमध्ये हे चुकलं होतं. एवढा मोठा माणूस 'चुकलो' म्हणतो, आणि तू, ज्याने अजून शंभर ओळी स्वतःच्या डोक्याने लिहिल्या नाहीत, तो 'असंच असतं' म्हणून मोकळा होतोस. माहीत नव्हतं ना? मग 'माहीत नाही, दोन मिनिटं द्या, कागदावर करून बघतो' म्हणायचं. तेवढ्यावर पोरं निवडली गेलेली मी पाहिली आहेत.

पण खरी शोभा पुढेच झाली.

तुझ्या बायोडाटावर प्रोजेक्ट काय, तर 'शुगरकेन मॅनेजमेंट सिस्टिम'. खाली ठळक अक्षरात, स्वतः विकसित केली. इंटरव्ह्यू घेणारा वाळव्याकडचा निघाला, घरचा ऊस असलेला. तो इंग्रजी सोडून मराठीवर आला. म्हणजे इंग्रजी आडवं आलं असं घरी सांगितलंस, तेही खोटं! सरळ मराठीत विचारलं त्याने, शेतकऱ्यांच्या टेबलाची प्रायमरी की काय ठेवलीस? तू म्हणालास, शेतकऱ्याचं नाव.

अरे, तुझ्या गावात एकाच नावाचे पाटील किती आहेत? पोस्टमनसुद्धा आधी आजोबाचं नाव विचारतो. मग सावरून म्हणालास, गट नंबर. तुमच्याच गटात तीन भावांचे हिस्से आहेत आणि तिघांची बिलं वेगळी निघतात, हे जेवताना रोज ऐकतोस ना? तरीही त्या माणसाने धीर सोडला नाही. म्हणाला, बरं, लागण तुटली, त्याच रानात खोडवा राखला, तर नवी नोंद करायची की जुनीच पुढे चालवायची? किती सुंदर प्रश्न आहे हा! ह्या एका प्रश्नावर मी वर्गात तासभर घालवला असता. रान तेच, मालक तोच, ऊसही त्याच बुडख्याचा, पण तारीख वेगळी, हंगाम वेगळा, उतारा वेगळा. आडसालीचा ऊस दीड वर्ष रानात उभा, खोडवा बाराएक महिन्यांत तोडीला. तोडणीचा क्रम लावायचा तर लागणीची तारीख हवी. तुझ्या टेबलात लागणीच्या तारखेचा रकानाच नाही.

कसा असेल? मुळात ती लायब्ररीची सिस्टिम. गिटहबवरून उतरवलीस, पुस्तकाच्या जागी 'केन' घातलंस, सभासदाच्या जागी 'फार्मर' घातलंस आणि वर उसाचा फोटो चिकटवलास. एका पडद्यावर 'रिटर्न डेट' तशीच राहिली होती म्हणे. ऊस काय कारखान्याने वाचून परत करायचा असतो? हसू नकोस. तो माणूस हसला नाही, फक्त फाइल मिटली.

आणि हे करावं कुणी, तर वारणा खोऱ्यातल्या पोराने! १९९८ साली ह्याच खोऱ्यातल्या ७० गावांना संगणकाने जोडायचं ठरलं. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून देशभर गाजलं. केंद्राचे पैसे, राज्याचे पैसे आणि काही वाटा वारणेच्या सहकारी संस्थांचा. गावोगावी माहिती केंद्रं निघाली. तेव्हा तू जन्माला यायचा होतास, पण तुझे वडील तिथे जाऊन उभे राहिले असतील. पुढे बंगळूरहून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातली माणसं आली. त्यांनी आल्याआल्या नवं काही उभारलं नाही. लोक त्या केंद्रावर येऊन विचारतात तरी काय, हे आधी पाहिलं. दिसलं ते साधंच होतं. ऊस किती गेला, बिल किती निघालं, खत किती उचललं. एवढ्यासाठी भलामोठा संगणक कशाला? ७ गावांत त्यांनी साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. २००७ साली त्यावर निबंध आला, नाव 'वारणा अनवायर्ड'. जगातली माणसं तो वाचतात आणि तू बांधावर राहून वाचला नाहीस. इंटरव्ह्यूला जाण्याआधी कंपनीची वेबसाइट पाठ केलीस, मुख्याधिकाऱ्याचं नाव पाठ केलंस. स्वतःच्या बायोडाटातल्या पिकाविषयी तेवढं काही वाचलं नाहीस.

शेवटच्या फेरीचं तर बोलूच नये. तिथवर बोलावलं ही त्यांची रीत, मनातून ते केव्हाच उठले होते. तुझा अवगुण सांग म्हटल्यावर तू म्हणालास, मी फार परफेक्शनिस्ट आहे. अवगुण विचारला तरी स्वतःचीच आरती! तुला काही विचारायचंय का म्हटल्यावर, "नो सर." ज्या घरात दोन वर्षं बाँडने बांधला जाणार होतास, तिथे काम कसलं, बसणार कुणाच्या हाताखाली, शिकवणार कोण, काही म्हणजे काही विचारावंसं वाटलं नाही तुला. बैल घेतानासुद्धा माणूस दात बघतो रे.

आता तू मनात म्हणत असशील, सगळेच असं करतात. करतात, खरं आहे. आणि त्यात आम्ही मास्तरही सामील आहोत, ते झाकत नाही मी. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला दिवसात तीस पोरं उरकायची, जाड बांधणीची फाइल उघडायची, सोनेरी अक्षरं बघायची आणि सही ठोकायची. तुझ्या फाइलवर माझीही सही असेल. ती 'रिटर्न डेट' मला दिसायला हवी होती. नाही दिसली, कारण मी पाहिलंच नाही. पण माझ्या चुकीचं बिल मी तुझ्या बापाच्या नावावर फाडलेलं नाही. तू फाडलंस. वशिला नव्हता म्हणे! उसाच्या बिलातून ज्याने तुला लॅपटॉप घेऊन दिला, त्या माणसाला तू असं पटवलंस की आपली ओळख कमी पडली म्हणून पोरगं मागे राहिलं. काल त्या पायरीवर तो स्वतःला दोष देत बसला होता. कळतंय का तुला?

रडायचं असेल तर बाहेर नळ आहे, तोंड धुऊन ये.

झालं? आता ऐक. मार्चमध्ये दुसरी एक कंपनी येतेय, तिला अजून सात-आठ आठवडे आहेत. बायोडाटातली ती ओळ आजच्या आज खोडायची. लॅपटॉप उद्यापासून घरी ठेवायचा; माझ्याकडे कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन यायचं. उद्या सकाळी कारखान्याच्या शेती विभागाच्या गट ऑफिसात जायचं, नोंदी करणाऱ्या माणसाशेजारी दुपारपर्यंत गप्प बसायचं. तो काय लिहितो, काय खोडतो, कुणावर ओरडतो, सगळं टिपून आणायचं. तोडणीच्या टोळीबरोबर एक दिवस, वजनकाट्यावर एक दिवस. मग टेबलं मांडू. आणि घरी गेल्यावर, आज रात्रीच, जेवणाआधी, वडिलांना खरं सांगायचं. ते मी सांगणार नाही.

हे घे. ते काल पायरीवर विसरून गेले. वजनाची पावती आहे, तुमच्याच उसाची. माझा चष्मा आत राहिलाय, तूच वाच. रकाने कोणकोणते आहेत? नाही, मनात नको. मोठ्याने.